‘खात्री वाटते’ आणि ‘खात्री केली’, या दोन्हींत फरक काय?

मराठीत ‘खात्री’ हा शब्द एकटा फारसा फिरत नाही, त्याला कायम एखादं क्रियापद सोबत लागतं, आणि खरी गंमत त्या क्रियापदातच आहे. खात्री असते, वाटते, होते, पटते, खात्री करतात, करून घेतात, देतात, आणि पत्र जरा औपचारिक असेल तर बाळगतात पण. शब्दकोशातला अर्थ साधारण निश्चितपणा, भरवसा असा एका ओळीत उरकतो. तो चूक नाहीये, पण त्यात एक गोष्ट निसटते ती अशी की या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू ठेवल्यात. एक म्हणजे मनात आपोआप उमटणारी जाणीव, ‘हो, हे असंच आहे’ अशी. आणि दुसरं म्हणजे काम, उठून जाऊन बघण्याचं.

व्याकरणाने हा फरक बरोबर धरलाय. ‘मला खात्री वाटते’ यात ‘मला’ आहे. मला भूक लागते, मला राग येतो, मला थंडी वाजते, मला आठवतं, ही सगळी वाक्यं ज्या साच्यातली तोच हा साचा, म्हणजे यात तुम्ही काही करत नाही, तुम्हाला ते होतं. आता ‘मी खात्री केली’ बघा. ‘मला’ गेलं, ‘मी’ आला, म्हणजे कर्ता आला, आणि कर्ता आला की त्याला धरून विचारता येतं, काय केलंस, कधी केलंस, कुठे बघितलंस. ‘तिला खात्री वाटली’ आणि ‘तिने खात्री केली’ ही दोन वाक्यं एकामागे एक म्हणून बघा, पहिल्यात ती जागेवरून हललेली नाहीये, दुसऱ्यात हललीये.

घोळ कुठे होतो? ‘आहे’ मध्ये. ‘मला खात्री आहे’ किंवा ‘माझी खात्री आहे’ असं कोणी म्हटलं की त्याने बघितलंय की त्याला नुसतं वाटतंय हे वाक्यावरून कळायला काही मार्गच नाही, आणि आपण रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वापरतो ते नेमकं हेच रूप. (‘माझी’ मध्ये मला थोडा जास्त ठामपणा ऐकू येतो, ‘मला’ जरा मवाळ, पण हा कानाचा प्रश्न आहे, यावर वाद घालायला मी जाणार नाही.) दोन माणसं एखाद्या गोष्टीवरून तावातावाने भांडतात, दोघांनाही ‘खात्री आहे’, आणि अर्ध्या तासाने कळतं की एकाने खरंच जाऊन बघितलं होतं आणि दुसऱ्याला फक्त तसं पक्कं आठवत होतं.

शब्दाचं मूळ बघितलं तर हा घोळ जुना आहे हे लक्षात येतं. अरबी ‘खातिर’, म्हणजे मन, मनात येणारा विचार, तो फारसीतून आपल्याकडे आला. ‘हट्टाखातर’, ‘मुलांखातर’ यातलं ‘खातर’ पण तेच, कोणाच्या तरी मनासाठी. आणि ‘खातरजमा’ तर अजून मजेदार, जमा म्हणजे गोळा झालेलं, म्हणजे मुळात खातरजमा म्हणजे विखुरलेलं मन एका जागी येणं, जीव स्वस्थ होणं. आणि आज आपण खातरजमा कशाला म्हणतो? माहिती, कागद तपासायला! मनाच्या स्वस्थतेचा शब्द सरकत सरकत तपासणीचा शब्द झाला, आणि हा प्रवास ज्या गृहीतावर झाला ते म्हणजे तपासलं की मन स्वस्थ होतं. ते गृहीत दोन्हीकडून लंगडं आहे. न तपासता पण मन छान स्वस्थ होतं, आणि कधी कधी कितीही तपासलं तरी होत नाही. पुढे बराचसा लेख याच दोन गोष्टींवर आहे, पण आधी बाकीची क्रियापदं उरकून घेऊ.

‘खात्री पटली’ हा मला यातला सगळ्यात सरळ प्रयोग वाटतो, कारण पटायला समोर काहीतरी लागतं, कोणीतरी दाखवलं, सांगितलं, पुरावा दिला आणि मग पटलं. शिवाय आधी पटत नव्हतं हे पण त्यात आपोआप कबूल होतं. ‘खात्री देतो’ मात्र जरा जपून घ्यावा असा प्रयोग. माझ्या मनातली जाणीव उचलून तुमच्या मनात ठेवता येत नाही, देता येते ती हमी, आणि हमीत चूक निघाली तर पुढे काय याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, दुरुस्त करून देऊ, पैसे परत देऊ, काहीतरी. नुसती खात्री देणाऱ्याने सहसा काहीच पणाला लावलेलं नसतं. जाहिरातीतला ‘खात्रीशीर इलाज’ आणि बातमीतलं ‘खात्रीलायक सूत्रांकडून समजतं’ ही त्याची पुढची पायरी, इथे खात्री कोणाची, ती केली कशी, हे सगळंच गायब, विशेषण तेवढं उरलं.

आता शेजारचे शब्द. विश्वास साधारण माणसावर असतो आणि खात्री गोष्टीची असते. ‘माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण ती वेळेत पोचेल याची खात्री नाही’ हे वाक्य अजिबात विसंगत वाटत नाही ना, त्यातच फरक आला. भरवसा आणि शाश्वती हे दोन शब्द गंमतीशीर आहेत, बोलण्यात ते जास्त करून नकारातच येतात, ‘त्याचा काही भरवसा नाही’, ‘उद्याची कोणाला शाश्वती’. होकारार्थी वापरले तर लगेच पुस्तकी वाटायला लागतात. ‘छातीठोकपणे’ मध्ये पुराव्यापेक्षा आवाज मोठा असतो, हे शब्दच सांगतो. आणि ‘शुअर’, ‘कन्फर्म’ हे आता मराठीच झालेत, पण त्यांनी आपापली जागा बरोबर वाटून घेतलीये बघा, ‘मी शुअर आहे’ ही मनातली गोष्ट आणि ‘कन्फर्म कर’ म्हणजे जा आणि विचारून ये. जो फरक खात्रीमध्ये एका शब्दात दडपला गेला होता तो या दोन पाहुण्यांनी वेगळा करून दाखवला.

‘नक्की’ बद्दल नंतर.

शब्दांशिवाय पण मराठीत खात्री दाखवायची बरीच यंत्रणा आहे आणि ती आपण विचार न करता वापरतो. ‘तो गेला’, ‘तो गेला असेल’, ‘तो गेला असावा’, ‘तो गेलेला दिसतोय’, ‘तो गेलाय वाटतं’, ‘तो गेला म्हणे’. सहाही वाक्यांत बातमी एकच, पण बोलणाऱ्याकडे माल काय आहे ते दर वेळी वेगळं. ‘दिसतोय’ म्हणजे चप्पल जागेवर नाही, दिवा बंद आहे, असं काहीतरी बघून काढलेला निष्कर्ष. ‘असावा’ म्हणजे डोक्यातल्या डोक्यात जुळवलेला हिशोब. ‘म्हणे’ म्हणजे मला कोणीतरी सांगितलं, माझ्या गळ्यात घालू नका. हा ‘म्हणे’ मला फार आवडतो, दोन अक्षरांत जबाबदारी झटकता येते आणि ते पण खोटं न बोलता.

याच्या उलट टोकाला ‘च’. ‘मी दार लावलंच होतं.’ या एका अक्षराने वाक्याचा आवाज चढतो पण पुरावा तेवढाच राहतो. आणि माझं निरीक्षण असं की जिथे खरंच बघितलेलं असतं तिथे ‘च’ कमी लागतो, ‘दार लावलंय, आत्ताच बघून आलो’ म्हणणारा माणूस शांतपणे म्हणतो. नियम नाही हा, पण कान देऊन ऐकून बघा.

एखादी बातमी चार तोंडातून गेली की व्याकरण कसं बदलतं ते पण ऐकण्यासारखं असतं. पहिला म्हणतो, ‘रस्ता बंद आहे म्हणे’. दुसरा म्हणतो, ‘रस्ता बंद आहे’. तिसरा, ‘रस्ता बंदच आहे’. मधे कोणीच रस्त्यावर जाऊन आलेलं नाही, फक्त ‘म्हणे’ गळाला आणि ‘च’ चिकटला. हे नुसतं निष्काळजीपणामुळे होतं असं नाही, मनाची घडणच तशी आहे. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बरीचशी विधानं ऐकवली, काही खरी काही खोटी, पण ऐकून चटकन ठरवता येणार नाही अशी, आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने परत ऐकवली, त्यातली काही विधानं दर वेळी तीच ठेवून. जी परत परत कानावर पडली ती लोकांना जास्त खरी वाटायला लागली, आणि हे खऱ्या विधानांबाबतीत झालं तसं खोट्यांबाबतीतही झालं. त्यानंतर हाच परिणाम कितीतरी वेळा तपासला गेलाय. कारण साधारण असं सांगतात की ओळखीची गोष्ट डोक्यात सहज सरकते, अडखळत नाही, आणि तो सहजपणाच आपल्याला ‘हे खरं आहे’ असा जाणवतो. म्हणजे खात्री वाटली, पण ती वाटली ओळखीमुळे. सकाळपासून तोच मेसेज पाच ग्रुपवर आला की तो खरा वाटायला लागतो त्याच्या मागे हेच, पाच जणांनी खात्री केली असं आपण नकळत धरतो आणि प्रत्यक्षात केलेली असते शून्य जणांनी.

आठवणीचं तर विचारूच नका. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की तुम्हाला ही बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच-एक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत तेच प्रश्न विचारले. सातपैकी गुण दिले तर सरासरी तीनच्या आसपास आली, ११ जणांना शून्य, म्हणजे एक चतुर्थांश लोकांचं मुख्य असं काहीच जुळलं नाही, आणि पूर्ण गुण फक्त तिघांना. आता खात्री किती होती ते ऐका, पाचपैकी सरासरी चारच्या वर! आणि त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तेव्हा सुद्धा जुनी आठवण परत आली नाही, मनात नवीनच चित्र पक्कं बसलेलं. ही मुलं खोटं बोलत नव्हती. एखादा प्रसंग धक्कादायक असला, परत परत सांगितला गेला, की आठवण ठळक होत जाते आणि ठळकपणालाच आपण खरेपणा समजतो.

आणि खात्री बाहेरून फुगवता पण येते. १९९८ मधला गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांचा प्रयोग मला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो. लोकांना कॅमेऱ्यातलं धूसर चित्रण दाखवलं, मग काही फोटो समोर ठेवले आणि यातला तो माणूस कोणता ते ओळखायला सांगितलं. त्या फोटोंमध्ये तो माणूस मुळात नव्हताच, त्यामुळे ज्यांनी बोट ठेवलं त्यांचं उत्तर चुकीचंच होतं. मग काही जणांना फक्त एवढंच म्हटलं की छान, तुम्ही संशयिताला ओळखलंत. नंतर विचारलं की ओळखताना तुम्हाला खात्री किती होती. शाबासकी मिळालेल्यांनी खात्री कितीतरी जास्त सांगितली, आणि नुसती खात्रीच नाही, आपल्याला चेहरा जास्त नीट दिसला होता, आपण जास्त लक्ष देऊन बघत होतो, असं पण सांगितलं. एका वाक्याने मागची आठवणच बदलून ठेवली. म्हणूनच साक्षीदाराने किती खात्रीने ओळखलं हे पहिल्या ओळखीच्या वेळीच, कोणी काही बोलायच्या आत लिहून घ्यावं असं या विषयातले लोक सांगतात. नंतर कोर्टात उभं राहून दाखवलेल्या खात्रीत इतरांनी दिलेली भर किती हे वेगळं काढताच येत नाही.

एवढं वाचून असं वाटेल की मग मनातली खात्री म्हणजे निव्वळ फसवणूक. तसं पण नाहीये, इथे मला जरा थांबावंसं वाटतं कारण हल्ली ‘मेंदू कसा आपल्याला गंडवतो’ छापाचं लिखाण फार झालंय. जोसेफ हार्ट यांनी १९६५ मध्ये वेगळीच गोष्ट तपासली. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आठवत नाही पण ‘मला माहितीये, समोर आलं तर ओळखेन’ असं वाटतं ना, ओठावर आलंय पण येत नाही, ते. त्यांनी लोकांना असे न आठवणारे प्रश्न विचारले, ‘माहितीये असं वाटतं का’ हे नोंदवून घेतलं आणि मग पर्याय समोर ठेवले. ज्या उत्तरांबद्दल ‘माहितीये’ असं वाटलं होतं ती लोकांनी खरंच जास्त वेळा बरोबर ओळखली. म्हणजे आतली जाणीव आंधळी नाही, तिला आतलं काहीतरी दिसतं. आणि ती नसती तर आपण जागचे हललो नसतो, खुर्चीत बसताना खुर्ची तपासत नाही, जिना उतरताना पुढची पायरी आहे का हे वाकून बघत नाही. त्यामुळे जाणीव कचरा नाही, पण ती पावती पण नाही, आणि गोंधळ तेव्हा होतो जेव्हा आपण ती पावती म्हणून दाखवायला लागतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे तपासून तपासून पण खात्री न वाटणं. कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेलो, परत आलो, परत ओढून बघितलं. थोडंफार सगळ्यांचंच होतं, पण ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती परत परत करायला लावणारा मानसिक आजार, असलेल्या काही माणसांचं यात रोज तास-तास जातात, कामं सुटतात. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला ‘संशयाचं वेड’ म्हणायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की याची स्मरणशक्ती कमी असेल, पण तसं सहसा नसतं. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट यांनी २००३ मध्ये असा काही त्रास नसलेल्या लोकांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी चालू-बंद करून परत परत तपासायला लावली, तर शेवटी कोणते बर्नर तपासले हे त्यांना बरोबरच आठवत होतं, पण ती आठवण त्यांना पुसट वाटायला लागली आणि तिच्यावरचा विश्वास उडाला. आपल्याकडे ‘खुंटा हलवून बळकट करणे’ म्हणतात ते खात्री करण्यालाच, पण खुंटा सारखाच हलवत राहिलं तर तो सैल होतो, आणि नेमकं तेच इथे झालं. एकसारखी तपासणी पंधरा वेळा केली की पंधराही वेळा एकमेकांत मिसळतात, आत्ताची कुठली आणि मघाची कुठली ते वेगळं राहत नाही. म्हणून यावरच्या उपचारात एकदाच बघून निघायचं आणि नंतरची ती तगमग, खात्री न वाटता, तशीच सोसायचा सराव करवून घेतात, तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू, घरच्यांनी रागावून नाही. आणि अशा माणसाला ‘संशयात्मा विनश्यति’ ऐकवणारे पण भेटतात, तर तो गीतेच्या चौथ्या अध्यायातला श्लोक श्रद्धेबद्दलचा आहे, कुलपाबद्दलचा नाही.

ही सगळी भानगड आजच्या मानसशास्त्राची आहे असं वाटेल, पण आपल्या जुन्या शास्त्र्यांनी याच मुद्द्यावर काही शतकं वाद घातलाय. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात, जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजलेत त्यात संशय आणि निर्णय हे दोन्ही स्वतंत्र आहेत. संशयाचं उदाहरण ठरलेलं, अंधुक उजेडात लांब काहीतरी उभं दिसतंय, खांब आहे की माणूस, ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’. मग प्रश्न असा की आपल्याला झालेलं ज्ञान खरं आहे हे कळतं कसं? मीमांसक, म्हणजे वेदांच्या अर्थाचा विचार करणारे पंडित, म्हणाले की ज्ञान झालं की ते खरंच धरायचं, खोटं ठरवणारं काही पुढे आलं तरच सोडायचं, याला म्हणतात स्वतःप्रामाण्य. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणाले नाही, ज्ञान होणं वेगळं आणि ते खरं असल्याचं कळणं वेगळं, लांब पाणी दिसलं तर जा, पी, तहान भागली की मग म्हण ते पाणी होतं. हे परतःप्रामाण्य. थोडक्यात एकाचं म्हणणं वाटतंय तर आहे, उलट सिद्ध करा, आणि दुसऱ्याचं म्हणणं केलीस का खात्री.

मला आधी वाटायचं यात नैयायिकच उघड जिंकतात, पण मीमांसकांचा उलटा प्रश्न फार अडचणीचा आहे. तहान भागली हे पण एक ज्ञानच ना, मग ते खरं कशावरून, त्याला अजून एक तपासणी, तिला अजून एक, संपणार कुठे? याला ते अनवस्था म्हणतात, आणि कुलपाकडे परत परत येणाऱ्या माणसाची अवस्था नेमकी हीच असते. कुठेतरी थांबायचं तर वाटण्यावर थांबावं लागतं. नैयायिकांनी याला उत्तरं दिली, थोडक्यात अशी की प्रत्येक वेळी शंका काढायला कारण लागतं, कारण नसताना तपासणी मागायची गरज नाही. विसाव्या शतकात विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाने १९५१ मध्ये मरायच्या दोन दिवस आधीपर्यंत लिहिलेल्या टिपणांमध्ये जवळपास असाच विचार आहे, शंका घ्यायची तरी काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

आणि केलेली खात्री पण चुकते बरं का, अगदी गणितात. कुठलाही नकाशा रंगवायला, शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग न देता, चार रंग पुरतात का हा प्रश्न होता. आल्फ्रेड केंप यांनी १८७९ मध्ये सिद्धता दिली, जाणकारांनी वाचली, मानली. १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी त्यातली चूक दाखवली. अकरा वर्षं ती गोष्ट ‘सिद्ध’ होती. निष्कर्ष बरोबरच होता ही अजून एक गंमत, पण त्याची सिद्धता १९७६ मध्ये अॅपेल आणि हाकेन यांनी दिली, संगणकाच्या मदतीने, आणि त्यावरही लोक म्हणायला लागले की हे माणसाने हाताने तपासलेलं नाही तर याला खात्री म्हणायची का!

मग निदान किती खात्री आहे हे तरी नीट सांगता येतं का? शब्दांनी फार नाही. १९५१ मध्ये अमेरिकन गुप्तचर खात्याच्या एका अहवालात लिहिलं होतं की युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. शेरमन केंट तो अहवाल लिहिणाऱ्या गटात होते, त्यांना कोणीतरी विचारलं की म्हणजे किती, तर ते म्हणाले ६५ टक्के. मग त्यांनी हाच अहवाल मिळून लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली. सगळ्यांनी एकाच वाक्याला मान डोलावली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आकडा! म्हणून हवामान बदलावर काम करणाऱ्या आयपीसीसीने आपले शब्दच बांधून टाकलेत, त्यांच्या अहवालात ‘संभाव्य’ म्हणजे ६६ टक्के किंवा जास्त, ‘अतिशय संभाव्य’ म्हणजे ९० च्या वर, ‘जवळपास निश्चित’ म्हणजे ९९ च्या वर.

पावसाचा अंदाज टक्क्यांत द्यायला अमेरिकेच्या हवामान खात्याने १९६५ मध्ये सुरुवात केली. त्यावर लोक हमखास चिडतात, ७० टक्के म्हणाले आणि पडला नाही म्हणजे अंदाज चुकला. पण एका दिवसावरून तसं ठरवताच येत नाही. ज्या ज्या दिवशी ७० म्हटलं ते सगळे दिवस एकत्र काढायचे आणि बघायचं की त्यातल्या साधारण ७० टक्के दिवशी पडला का, पडला असेल तर अंदाज देणाऱ्याची खात्री बरोबर मापाची आहे. त्याच्या ७० मधले ९० टक्के दिवस ओले निघाले तरी ती चूकच, उगाच घाबरून कमी सांगितलं. हवामानवाल्यांचं हे माप बऱ्यापैकी जमतं, कारण त्यांना रोज सांगावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी लगेच कळतं, चूक लपवायला जागाच नाही. बाकीच्यांना ही सोय नसते, आपण एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगतो आणि ती खरी निघाली का हे बघायला परत कोण जातं. तुम्हाला स्वतःचं माप बघायचं असेल तर वही लागेल, अंदाज, त्याच्या पुढे टक्के, आणि नंतर काय झालं. मनात ठेवून चालत नाही, कारण वर चॅलेंजरच्या मुलांचं बघितलंत.

आपल्याकडे मराठीत शब्द असे बांधलेले नाहीत, त्यामुळे मी माझ्यापुरते आकडे लावलेत. हमखास म्हणजे ९५, बहुतेक म्हणजे ७५, बहुधा ६० च्या आसपास, कदाचित ३०-४०. बहुतेक आणि बहुधा यांची जागा उलटी लावणारे पण लोक आहेत, आणि काहींच्या कानाला दोन्ही सारखेच. ‘नक्की’ मात्र मला यात बसवताच आला नाही. ‘तारीख नक्की झाली’ म्हणजे ठरली, ‘नक्की काय झालं’ म्हणजे नेमकं, इथपर्यंत ठीक आहे. पण ‘नक्की येतो’ ऐकल्यावर आपणच लगेच ‘नक्की ना?’ विचारतो, मग तो म्हणतो ‘अरे नक्की रे’, आणि तरी निघायच्या आधी आपण एकदा फोन करतोच, तर त्याला आकडा किती द्यायचा हे शब्दावर नाही, कोण म्हणतंय त्यावर ठरतं.